ओळख हेही भांडवल आहे
हातचे काम गेल्यावर नवे काम शोधण्याची रीत

कारखान्याला कुलूप लागले, सेठने माग भंगारात काढले किंवा दुकानाच्या मालकाने "पुढच्या महिन्यापासून येऊ नका" असे सांगितले, की आपला कारागीर पहिली गोष्ट कोणती करतो? आमच्या पाहण्यात तो सर्वात आधी गप्प बसतो. घरात सांगतो, दोन-तीन जिवलग मित्रांना सांगतो आणि बाकी मोहल्ल्यापासून बातमी लपवतो. काम जाण्यात त्याचा काही दोष नसतो, तरीही त्याला लाज वाटते. मग जमा पैसा संपतो, किराणा दुकानाची उधारी वाढते आणि शेवटी मिळेल त्या मजुरीवर मिळेल ते काम धरावे लागते.

वाचकहो, दुकानदार माल ठेवण्याआधी बाजार पाहतो. कारागिराचा माल म्हणजे त्याच्या हातातील कसब. तो माल कोणाला हवा आहे हे कळल्याशिवाय विकला कसा जाईल? आणि ते कळते माणसांकडून. म्हणून या लेखात ओळखीपाळखीचा उपयोग करून नवे काम कसे शोधावे, कोणाकडे जावे, काय बोलावे आणि कशापासून सावध राहावे, याचा क्रमवार विचार करू.

आमचाच एक अनुभव

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो. आधी दोन महिने पगार थकला आणि एके दिवशी सकाळी गेटला कुलूप दिसले. घरी खरे सांगितले. बाहेर मात्र एक शब्द काढला नाही. रोज डबा घेऊन वेळेवर निघायचे, वाचनालयात जाऊन बसायचे, वर्तमानपत्रातील जाहिराती उतरवून अर्ज टाकायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा आमचा दिनक्रम होता. एकाही अर्जाचे उत्तर आले नाही. ज्या दोन-तीन मित्रांना सांगितले होते ते त्याच कारखान्यातले. तेही आमच्यासारखेच मोकळे होते.

एक दिवस रस्त्यात टेम्पोवाला भेटला. रंगाचे ड्रम पोचवायला तो महिन्यातून एखादवेळी आमच्या गेटवर यायचा. सलाम-दुवा एवढीच ओळख. त्यानेच गाडी थांबवली.

"मुन्शीजी, तुमचं गेट बंद दिसतंय. आता कुठं आहात?"

त्या दिवशी का कोण जाणे, आम्ही खरे बोललो. तो म्हणाला, "मग इतके दिवस सांगितलं का नाही? पलीकडच्या गल्लीतल्या सेठचे मुन्शी गावी गेले ते आलेच नाहीत. मी बिलावर सही घ्यायला गेलो की सेठ स्वतः चोपड्या उलटत बसलेले असतात."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. सेठने कामाविषयी चार प्रश्न विचारले आणि मग पाचवा विचारला, "तुम्हाला इथे ओळखतं कोण?" गल्ल्याच्या किल्ल्या हाती द्यायच्या, तर हा प्रश्न रास्तच होता. आम्ही आमच्या थोरल्या मामूंचे नाव सांगितले. त्यांची त्या बाजारात तीस वर्षांची ऊठबस होती. मामू येऊन फक्त एवढेच म्हणाले, "पोरगा माझा आहे, हिशेब चोख ठेवतो." काम मिळाले.

पुढे या घटनेचा विचार करताना आमच्या लक्षात आले, की यात दोन वेगळ्या ओळखी उपयोगी पडल्या. कामाची बातमी लांबच्या माणसाने आणली आणि खात्री जवळच्या माणसाने दिली. टेम्पोवाला आमचा जामीन राहू शकला नसता आणि मामूंना त्या रिकाम्या जागेची खबरच नव्हती. हाच या लेखाचा मुख्य धडा आहे.

दूरची ओळख अधिक कामाची का?

ही गोष्ट अभ्यासकांनीही तपासली आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी केली. त्यावरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९७३ साली आणि पुस्तक १९७४ साली आले. त्या पाहणीतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळालेली होती. नंतर त्यांनी ज्यांना ओळखीतून काम मिळाले अशा ५४ जणांना विचारले, की ज्याने बातमी दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे फक्त ९ निघाले. अधूनमधून भेटणारे ३० होते. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे १५ होते. यात जुने सहकारी, पूर्वीचे मालक, शाळा-कॉलेजातले मित्र असे लोक होते. कित्येकदा रस्त्यात किंवा एखाद्या समारंभात अचानक गाठ पडली आणि त्यातून काम निघाले.

याचे कारण साधे आहे. आपले जवळचे मित्र एकमेकांचेही मित्र असतात. एकाच हॉटेलात चहा पितात, एकाच कट्ट्यावर बसतात. जी बातमी एकाला ती सर्वांना. लांबचा माणूस वेगळ्या बाजारात वावरतो, म्हणून त्याच्याकडची बातमी आपल्याला नवी असते.

अलीकडे, २०२२ साली, 'सायन्स' या नियतकालिकात याच विषयावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'लिंक्डइन' या नोकरीविषयक संकेतस्थळावरील सुमारे दोन कोटी लोकांच्या ओळखींचा त्यात पाच वर्षे मागोवा घेतला होता. नोकरी बदलण्यास सर्वात अधिक उपयोग मध्यम दूरच्या ओळखींचा झाला, असे त्यात दिसले. अगदी घट्ट दोस्ती तितकी उपयोगी पडली नाही, आणि अगदीच पुसट ओळखही नाही.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. यानजी बियान या अभ्यासकाने चीनमधील तिआनजिन शहरात १९८८ साली पाहणी केली. तेथे त्या काळी नोकऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. नुसती बातमी कळून भागत नव्हते, कोणीतरी आपला शब्द टाकावा लागत असे. अशा ठिकाणी घट्ट नातीच कामी आली. अर्थात, जिथे फक्त खबर हवी तिथे दूरचा माणूस आणि जिथे भरवसा हवा तिथे जवळचा माणूस. आपल्या कारखान्यांत आणि दुकानांत दोन्ही लागतात.

आपल्याला याची गरज अधिक का?

२००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या रोजगारावर जगणारे होते; हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. माग चालवणारा, शिलाईवाला, जरीकाम करणारा, गॅरेजवाला, फेरीवाला अशा माणसाला नेमणुकीचे पत्र नसते, सेवेचा दाखला नसतो. त्याच्या वीस वर्षांच्या कामाचा कागदावर पुरावा नाही. त्याचा दाखला म्हणजे ज्यांनी त्याचे काम पाहिले ती माणसे.

दुसरे कारण कडू आहे, पण सांगितले पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या जाहिराती पाहून त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे कमी आले. म्हणून अर्ज करूच नये, असा याचा अर्थ नाही. अर्ज अवश्य करावा. परंतु ज्याने आपल्याला काम करताना पाहिले आहे तो मालकाला सांगतो तेव्हा मालक आधी कामाचा विचार करतो, नावाचा नंतर. म्हणून अर्जाच्या जोडीला माणूस हवा.

जुनी रीत आणि तिचा दोष

ओळखीतून काम ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोकणातल्या गावांच्या मुंबईत खोल्या होत्या. नवा माणूस बोटीने येऊन आपल्या गावच्या खोलीवर उतरे आणि गाववालेच त्याला कामाला लावत. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहिले आणि गिरण्यांच्या विणाई खात्यात आपल्या भाईबंदांना घेऊन गेले. गिरणीत भरती जॉबरच्या हातात असे. तो आपल्या ओळखीची माणसे लावी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. ही लाच इतकी माजली, की १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या भरतीसाठी वेगळी योजना आणावी लागली.

या रीतीत दोन दोष होते. पहिला असा, की सर्वजण एकाच धंद्यात शिरले. मग धंदा बुडाला की सगळी ओळख एकाच दिवशी निरुपयोगी होते. १९८२ च्या गिरणी संपात हे मुंबईने पाहिले. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी या काळात भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांनीही ते भोगले. ज्याचा भाऊ मागावर, मेहुणा मागावर आणि शेजारीही मागावर, त्याने कोणाकडे जावे?

दुसरा दोष न्यायाचा होता. जी ओळख आपल्याला आत घेते तीच दुसऱ्याला बाहेर ठेवते. गिरण्यांच्या विणाई खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात सूत भरताना ते तोंडाने ओढावे लागे आणि विटाळाच्या कल्पनेने इतरांना ते चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आज नावावरून दार बंद होते म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा आपल्या हातात असलेले दार आपण कोणाकोणाला उघडतो, हेही पाहिले पाहिजे.

यादी कशी करावी?

आता प्रत्यक्ष कामाला लागू. एक साधी वही घ्यावी. "माझी कोणाशी ओळख नाही" असे म्हणणाऱ्या माणसाच्याही वहीत तासाभरात चाळीस-पन्नास नावे होतात. नावे आठवण्यासाठी पुढील गट उपयोगी पडतील.

१) माल आणणारे आणि नेणारे : टेम्पोवाले, हमाल, सूत, रंग, धागा, चामडे किंवा पत्रा पुरवणारे दुकानदार. रोज दहा ठिकाणी जाणारे हे लोक असतात. कोणाकडे गडबड आहे आणि कोणाचा माणूस पळाला आहे, हे त्यांना आधी कळते.

२) यंत्र दुरुस्त करणारे : मिस्त्री, वायरमन, शिलाई मशिनचा मेकॅनिक. नवे यंत्र कुठे बसते आहे हे त्यांना ठाऊक असते. जिथे नवे यंत्र येते तिथे नवा माणूस लागतो.

३) जुने मालक आणि जुने सोबती : विशेषतः जे धंदा सोडून दुसऱ्या लाइनीत गेले ते. त्यांची नावे यादीत सर्वात वर असावीत. त्यांनी आपले काम पाहिले आहे आणि त्यांचा बाजार आता वेगळा आहे.

४) गिऱ्हाईक : ज्यांनी आपल्या हातचा माल घेतला आणि नावाजला.

५) उस्ताद आणि त्यांचे इतर शागिर्द : एका उस्तादाचे दहा शागिर्द दहा गावांत पांगलेले असतात.

६) शाळेचे मित्र आणि गुरुजी, आयटीआयचे निदेशक, बँकेतील आणि पतपेढीतील ओळखीचे लोक, कर सल्लागाराच्या कार्यालयातील कारकून.

७) मस्जिदीत, निकाहच्या जेवणात, ईदच्या दिवशी भेटणारे लोक. यांच्याशी आपण तब्येतीपाण्याचे बोलतो, कामाचे कधी बोलत नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : तो कोणत्या बाजारात वावरतो, शेवटची भेट केव्हा झाली आणि तो बातमी देऊ शकेल की शब्द टाकू शकेल. या शेवटच्या रकान्यात 'बातमी' किंवा 'शब्द' एवढेच लिहावे. कोणाकडून काय मागायचे हे त्यावरून ठरते.

बोलावे कसे?

बहुतेक लोक इथेच चुकतात. ते जाऊन म्हणतात, "भाई, कुठेतरी चिकटवा." समोरच्याच्या हातात नोकरी नसते. तो अवघडतो, "बघतो" म्हणतो आणि पुढच्या वेळी रस्ता बदलतो. म्हणून नोकरी मागू नये, माहिती विचारावी. माहिती द्यायला कोणालाही जड जात नाही, उलट आपल्याला कोणी विचारले याचा आनंदच होतो.

असे बोलावे : "चाचा, आमचा कारखाना गेल्या महिन्यात बंद झाला. मी बारा वर्षे शर्टाचं कटिंग केलं, शेवटची चार वर्षे कटिंग मास्टर होतो. तुम्ही बटण-धाग्याचा माल बऱ्याच ठिकाणी देता. सध्या कोणाकडे काम वाढलंय? आणि तिथे जाऊन कोणाला भेटावं?"

या पाच वाक्यांत सर्व आले. काम का गेले ते खरे सांगितले. आपण काय करू शकतो ते नेमके सांगितले. आपण त्यांच्याकडेच का आलो ते सांगितले. आणि ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला. "काहीही काम करीन" असे म्हणू नये. काहीही करणारा माणूस कोणाच्या लक्षात राहत नाही. "शर्टाचा कटिंग मास्टर" लक्षात राहतो.

निघताना आणखी एक विचारावे, "याबाबत आणखी कोणाला भेटू? तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना?" एका भेटीतून दोन नवी नावे निघाली, तर यादी आपोआप वाढते. परवानगी न घेता मात्र कोणाचेही नाव वापरू नये.

आपल्या कामाचा नमुना जवळ असावा. जरीवाल्याने कापडाचा एक तुकडा, फर्निचरवाल्याने केलेल्या कामाचे पाच-सहा चांगले फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून ठेवावेत. नाव, काम, अनुभव आणि फोन नंबर एवढे लिहिलेले साधे कार्ड छापून घ्यावे. व्हॉट्सअॅपच्या दहा गटांत "काम हवे" असा एकच मजकूर टाकून मोकळे होऊ नये. तो कोणीच आपल्यासाठी आहे असे समजत नाही. त्यापेक्षा एकेकाला नाव घेऊन निरोप पाठवावा, आणि जमेल तिथे समक्ष जावे.

ज्याने बातमी दिली त्याला आठ दिवसांत कळवावे, की गेलो होतो आणि असे झाले. काम मिळाले नाही तरी कळवावे. ज्याला आपण परत येऊन सांगतो तोच आपल्याला दुसऱ्यांदा बातमी देतो.

शब्दाची किंमत

कोणी आपल्यासाठी शब्द टाकला म्हणजे त्याने आपली पत आपल्या हाती अमानत ठेवली. आम्ही मामूंच्या शब्दावर कामाला लागलो, तेव्हा पहिले सहा महिने दहा मिनिटेसुद्धा उशीर केला नाही. गल्ल्यात चूक झाली असती तर बोलणे मामूंना बसले असते. ज्याच्या शब्दावर गेलो त्याला न सांगता काम सोडणे, उचल घेऊन गायब होणे, दोन पैसे जास्त मिळाले म्हणून दुसऱ्या दिवशी पळणे, यामुळे आपल्यामागून येणाऱ्या दहा जणांची वाट बंद होते.

शब्द टाकणाऱ्यानेही मर्यादा पाळावी. ज्याचे काम आपण पाहिले नाही त्याच्याबद्दल "फार हुशार आहे" असे सांगू नये. "शेजारचा मुलगा आहे, घर चांगले आहे, काम मी पाहिलेले नाही" असे खरे सांगावे. मालकाला तेवढे पुरते.

घरात बसून काम करणाऱ्या भगिनी

आरीकाम, शिवणकाम, पॅकिंग अशी कामे घरी करणाऱ्या भगिनींची अडचण वेगळी आहे. त्यांना बहुधा एकच माणूस काम आणून देतो आणि तोच नेतो. पुढचा व्यापारी कोण, तुकड्याचा खरा दर काय, हे त्यांना कळतच नाही. तो माणूस यायचा थांबला की काम थांबले. त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. एक, गल्लीतील आणि शेजारच्या मोहल्ल्यातील कामकरी भगिनींनी महिन्यातून एकदा बसून कोण कोणाचे काम करते आणि काय दर मिळतो हे एकमेकींना सांगावे. दोन, केलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना किंवा फोटो जपून ठेवावा. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाण्याची वेळ आली तर तोच त्यांचा दाखला.

पैसे मागणाऱ्यापासून सावध

ओळखीच्या नावावर फसवणूकही होते, आणि परदेशी नोकरीत अधिक होते. "आपलाच माणूस आहे" हे शब्द ऐकले की आपण कागद पाहत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारी नोंदणी घ्यावी लागते. नोंदणी क्रमांक मागावा आणि तो 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहावा. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथे काम मिळेल असे कोणी सांगत असेल, तर तो नातेवाईक असला तरी नकार द्यावा. करारावर पगार, तास आणि राहण्याची सोय लिहिलेली नसेल तर दागिने मोडू नयेत. खरी ओळख काम दाखवते. कामाआधी पैसे मागत नाही.

दोन शब्द व्यापारी बांधवांसाठी

माणूस हवा असेल तेव्हा आपणही घरच्या माणसांनाच विचारतो. पुतण्या येतो, त्याच्यामागे त्याचा मित्र येतो, आणि दुकानात सर्वांना एकच गोष्ट येत असते. टेम्पोवाल्याला, मिस्त्रीला, दुसऱ्या समाजातील व्यापारी मित्राला "माणूस हवा आहे" म्हणून सांगून पाहावे. चार दिवस काम करवून पाहावे, त्या चार दिवसांची मजुरी द्यावी आणि मग ठरवावे. कारखाना बंद करण्याची वेळ आलीच, तर आपल्या कारागिरांना आधी सांगावे, थकलेला पगार चुकता करावा, आणि प्रत्येकाला दोन ओळींचे पत्र द्यावे, की याने आमच्याकडे इतकी वर्षे अमुक काम केले. या कागदाला मालकाचा खर्च काहीच नाही. कारागिराला मात्र तो पुढच्या दारात उभे करतो.

या आठवड्याचा पाठ

ज्यांच्या हातात आज काम आहे त्यांनीही ही वही आजच करावी. विहीर तहान लागल्यावर खणत नाहीत. दर आठवड्याला वहीतील दोन जुन्या माणसांना फोन करावा, काही मागण्यासाठी नव्हे, नुसती खुशाली विचारण्यासाठी. आपल्याकडे काही बातमी असेल तर ती आधी द्यावी.

आणि ज्यांचे काम गेले आहे त्यांनी उद्या सकाळी डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसू नये. आमचे दोन महिने त्यात गेले. रस्त्यात जो पहिला टेम्पोवाला ओळखीचे हसेल, त्याला खरे सांगावे.